आठशेची हौस

'काउंटर-स्ट्राइक १.६' या कॉम्प्युटर गेममध्ये पहिल्या फेरीला हातात ८०० डॉलर पडत, आणि ड्युअल एलिट्सची किंमतही नेमकी ८०० होती. म्हणजे दोन्ही हातांत पिस्तुलं आणि खिशात खडखडाट. चिलखत नाही, ग्रेनेड नाही. तरी सायबर कॅफेत दप्तरं टेबलाखाली सारून बसलेल्या आमच्यातला कुणी ना कुणी ती घ्यायला कीबोर्डवर बी-एक-पाच दाबायचाच. बाकीचे खवळायचे. "अरे, त्यापेक्षा डीगल घे ना! ६५० तर लागतात!"

डीगल, म्हणजे डेझर्ट ईगल पिस्तूल, घेणंच शहाणपणाचं होतं. ही जोडी डावी-उजवी आळीपाळीने सुटायची, घाई केली की गोळ्या भिंतीत जायच्या, आणि तीस संपल्या की रीलोडला साडेचार सेकंद. तेवढ्यात समोरचा येऊन, मारून, पुढच्या गल्लीत पोचलेला असे. कॅफेही काही स्वर्ग नव्हता. बॉलचा माउस अडकायचा, हेडफोन एकाच कानात वाजायचा, शेजारचा बिनदिक्कत आपली स्क्रीन बघायचा. भारनियमनात लाइट गेली, की जिंकत आलेला सामनाही गेला.

२०२३मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' आला. त्यात हीच जोडी ड्युअल बेरेटाज या नावाने ३०० डॉलरला मिळते. उरलेल्या ५००मध्ये एक स्मोक आणि एक फ्लॅश ग्रेनेड बसतो, त्यामुळे जाणकारही ती हिशेब मांडून घेतात. चुकून घेतली, तर खरेदीच्या वेळातच परत करता येते. आमच्या वेळी घेतली ती घेतली. शिवाय तेव्हा ती फक्त टेररिस्टांना मिळे. समोरच्या काउंटर-टेररिस्टाला हवी असेल, तर मेलेल्याची उचलावी लागे. तेवढ्यासाठी भर मैदानात धावत जाऊन प्राण देणारे वीर आम्ही पाहिले आहेत.

ती बंदूक मारण्यासाठी नव्हतीच म्हणा. पाठीमागे नंबर लागायची वाट बघत उभी असलेली पोरं, हे तिचं खरं गिऱ्हाईक. एखाद्याला तिने टिपलंच, तर तो बिचारा खुर्ची मागे ढकलून आपल्या स्क्रीनपाशी यायचा. "खरंच ड्युअलने मारलंस?" त्याचं हे उठून येणं म्हणजे बक्षीस.

आता मेलेला कुठल्या गावी बसलाय, तेही कळत नाही. पिस्तुलांवर मात्र नक्षी आली आहे. २०१३पासून रंगवलेल्या बंदुकांचा खऱ्या पैशांत बाजार चालतो. आमच्या सगळ्यांच्या एलिट्स एकसारख्याच दिसत, आणि मालकी मरेपर्यंतची.

त्या टोळक्यातले काही जण अजूनही रात्री, मुलं झोपल्यावर, घरून खेळतात. त्यातला बी-एक-पाचवाला आजही पहिल्या फेरीला जोडीच घेतो. आम्ही खवळायला तयारच असतो. पण तो सोबत स्मोकही घेतो, योग्य जागी टाकतो, आणि फेरी काढून देतो. बोलायची सोयच ठेवली नाही त्याने.