काकांना हात देऊ नका

गेले चार महिने आमची बेल सकाळी साडेनऊला वाजते, बरोब्बर माझ्या स्टँडअप कॉलच्या वेळेला. बाबांना पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली (बोलणं शाबूत राहिलं, नशीब), आणि घरी आणल्यावर फिजिओथेरपिस्ट मॅडम यायला लागल्या. मॅडम म्हणजे माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. धायरीहून स्कूटीवर निघतात, कोथरूड, कर्वेनगर, वारजे करत दिवसाला पाच घरं.

हॉस्पिटलात योग्य उंचीचा पलंग असतो, धरून चालायला दोन दांड्या असतात, अडलं तर शेजारच्या खोलीत सीनियर असतात. आमच्याकडे काय, तर गुडघ्याएवढा दिवाण, बाथरूमचा उंबरा, घसरणारं पायपुसणं आणि सल्ले द्यायला शेजारचे काका. दिवाण बुटका म्हणून मॅडम फरशीवर गुडघे टेकून काम करतात. पायपुसणं काढायलाही "काकू, हे उचललं तर चालेल?" असं विचारावं लागतं. हॉस्पिटलात कोण विचारतं?

तिसऱ्या आठवड्यात बाबा खुर्चीतून उठायला धडपडत होते. मी कॉल म्यूट करून धावलो आणि त्यांचा उजवा दंड धरून ओढला.

"दादा, थांबा. काकांना हात देऊ नका."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी समजावलं. खांद्याचा सांधा जागेवर धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेत, हात ओढला की सांधा निसटू शकतो, आणि एकदा खांदा दुखायला लागला की माणूस व्यायामच टाळतो. पाय मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांपुढे जाईल इतकं वाकायचं, मग उठायचं. मी चार सेकंदांत उठवतो, बाबांना दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट नुसतं बघत उभं राहणं माझ्यासारख्या परफॉर्मन्स ट्यूनिंगवाल्याला किती जड जातं, विचारू नका.

पण खरी पंचाईत आईची होती. ती बाबांना घास भरवायची. दुबळा हात वापरलाच नाही की मेंदू तो न वापरायलाच शिकतो. एडवर्ड टाउब यांनी याला 'लर्न्ड नॉन-यूज' म्हटलंय. २००६ साली 'जामा'त आलेल्या एक्साइट चाचणीत, बोटं-मनगट थोडंतरी हलतंय अशा रुग्णांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, मोजा चढवला होता. दुबळ्या हाताची सुधारणा वर्षभरानंतरही टिकली होती. मी हे रात्री वाचून काढलं. आईला कोण सांगणार?

मॅडमनी सांगितलं. आई स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. त्या दिवशी चहा आला नाही.

जिन्यात मॅडम म्हणाल्या, "हॉस्पिटलात असते तर सरांना बोलायला लावलं असतं. इथे मी एकटीच. काकू उद्या म्हणाल्या येऊ नको, तर संपलं." नवीन घरी जाताना त्या आईला लाइव्ह लोकेशन पाठवतात, पुरुष पेशंट एकटा असेल तर जात नाहीत. आणि आयत्या वेळी कुणी रद्द केलं तर त्या खेपेचे पैसे नाहीत. मी दोनदा केलं होतं. एकदा त्या वारज्याच्या पुलाखाली पोचल्या होत्या. "काही हरकत नाही दादा" म्हणाल्या होत्या, आणि मला ते खरंच वाटलं होतं! आता आयत्या वेळी रद्द केलं तरी पैसे देतो.

गेल्या रविवारी बाबांनी पोहे स्वतः खाल्ले, दांड्याला फडकं गुंडाळून जाड केलेल्या चमच्याने. निम्मे फरशीवर. आई समोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. सतरा मिनिटं लागली.

स्टँडअप मी दहाला ढकलून घेतलाय.