लेकीने निवडलेले पंधरा दिवस

आमच्या मंचर परिसरात येरवड्याचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. एक तुरुंग आणि दुसरे मनोरुग्णालय. बाजारात कुणी हमरीतुमरीवर आले, की शेजारचा हसत म्हणतो, “याला येरवड्याला पोचवा रे!” महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांतले आमच्या जवळचे हे येरवड्याचे, शंभर वर्षांहून जुने. पण मंचरहून साठेक किलोमीटरवर असलेले हे रुग्णालय आमच्याकडे चेष्टेपुरतेच आठवते. त्यामुळे एमबीबीएस करणारी आमची लेक सुट्टीत घरी आली आणि जेवताना म्हणाली, “अब्बू, मी इलेक्टिव्हला मानसोपचार घेतलाय,” तेव्हा क्षणभर कुणीच काही बोलले नाही. मग तिच्या दादी म्हणाल्या, “इतना पढके पागलों की डॉक्टर बनेगी?”

इलेक्टिव्ह म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही तिच्याकडूनच कळले. पूर्वी वैद्यकीय विद्यार्थ्याला ठरवून दिलेल्या वाटेनेच जावे लागे. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात प्रथमच विद्यार्थ्याला स्वतःच्या आवडीचा विभाग निवडून तिथे काम करण्याची सोय झाली. सुरुवातीला यासाठी दोन महिने होते. २०२३ च्या नियमांनुसार आता एक महिना मिळतो, पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन भागांत. तृतीय एमबीबीएसच्या पहिल्या भागाची परीक्षा झाली, की हा महिना येतो. पहिले पंधरा दिवस प्रयोगशाळेत किंवा संशोधनात आणि दुसरे पंधरा दिवस रुग्णांच्या विभागात. महाविद्यालय यादी देते, विद्यार्थी त्यातून निवडतो. ७५ टक्के हजेरी आणि भरलेले लॉगबुक नसेल, तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

तिच्या वर्गातल्या कुणी हृदयरोग घेतला, कुणी रेडिओलॉजी. काहींनी पुढच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळेल असा विभाग पाहिला. त्यात गैर काही नाही. मानसोपचार मात्र फार थोड्यांनी घेतला. एमबीबीएसमध्ये या विषयाचा स्वतंत्र पेपर नसतो, मेडिसिनच्या पेपरातच त्याचे काही प्रश्न येतात. पूर्वी इंटर्नशिपमध्येही तो ऐच्छिक होता. त्वचारोग, भूल, क्ष-किरण अशा विषयांच्या यादीतून विद्यार्थ्याने घेतला तर घेतला. २०२१ च्या नियमांत इंटर्नशिपमधले दोन आठवडे मानसोपचारासाठी सक्तीचे आहेत. म्हणजे आज गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या अनुभवी डॉक्टरांपैकी अनेकांचा शिकताना या विषयाशी फार थोडा संबंध आला असणार.

दादींना लेकीने शांतपणे उत्तर दिले. “मी काय होणार हे अजून ठरवलं नाही, दादी. पण कुठलीही डॉक्टर झाले तरी असे पेशंट माझ्याकडे येणारच. तेव्हा मला ते ओळखता आले पाहिजेत.”

हे ती का म्हणाली, ते आम्हाला ठाऊक होते. आमच्या नात्यातील एका भगिनीचे हाल तिने लहानपणी जवळून पाहिले आहेत. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्या भगिनीला पोटात जळजळ सुरू झाली. मग छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, रात्र रात्र जाग. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट चांगले आले. “तुम्हाला काही झालेलं नाही,” असे प्रत्येक ठिकाणी सांगितले गेले. डॉक्टरांनी ते धीर देण्यासाठी सांगितले होते. पण सासरी त्याचा अर्थ असा निघाला, की ही कामाचा कंटाळा करते आणि सोंग घेते. मग ताईत झाले, पढवलेले पाणी झाले. चार वर्षे अशी गेली. शेवटी एका तरुण डॉक्टरने तपासून झाल्यावर दोन प्रश्न विचारले. झोप कधीपासून उडाली? आणि बाळाला मांडीवर घेतल्यावर मनात काय येते? ती बाई तिथेच हमसून रडू लागली. बाळंतपणानंतरचे नैराश्य होते ते. औषधे सुरू झाली, समुपदेशन झाले आणि वर्षाच्या आत ती सावरली. आज ती पहाटे उठून फजर अदा करते, मुलांचा अभ्यास घेते, सासूचे पथ्यपाणी सांभाळते.

त्या चार वर्षांत तिला भेटलेल्या कुणाही डॉक्टरची नियत वाईट नव्हती. ते दोन प्रश्न विचारायचे असतात, याचा सराव त्यांना कुणी दिला नव्हता, एवढेच.

अशी माणसे थोडी नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मोठे सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचे आढळले, म्हणजे दहांमागे एकाला. त्यांपैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. वेगवेगळ्या आजारांत हे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. देशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ ०.७५ आहेत आणि निदान तीन असावेत, असे जाणकार म्हणतात. आंबेगाव तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या वर आहे. या हिशेबाने आमच्या तालुक्याच्या वाट्याला दीड डॉक्टर येतो, आणि तोही शहरातच बसणार. तेव्हा इथल्या माणसाला पहिला भेटतो तो साधा एमबीबीएस डॉक्टरच. त्याने ओळखले तर पुढची वाट उघडते.

आमच्या बटाट्याच्या आडतीवर सातगाव पठारावरचे शेतकरी येतात. भाव पडला, की माणूस कसा गप्प होतो, जेवण कसे टाकतो, चार लोकांत बसेनासा कसा होतो, हे आम्ही बसल्या जागेवरून पाहतो. ३० जुलै २०१४ रोजी याच आमच्या तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. पुढे नवे गाव वसले, पक्की घरे मिळाली. पण ज्याचे सगळे कुटुंब मातीखाली गेले, त्याला पावसाचा जोर वाढला की रात्री झोप कशी लागावी? असा माणूस सरकारी दवाखान्यात जाऊन “माझे मन दुखते” असे सांगत नाही. तो डोके दुखते म्हणतो, अंगात कणकण आहे म्हणतो. आमची लेक सरकारी महाविद्यालयात शिकते. पदवीनंतर तिला एक वर्ष शासनाची सेवा द्यावी लागेल. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती एकटी बसलेली असेल आणि समोर असा माणूस येईल. तिचे पंधरा दिवस त्या दिवसासाठी होते.

त्या पंधरा दिवसांत रोज रात्री तिचा फोन येई. रुग्णांची नावे, गावे ती कधीच सांगत नसे; ती अमानत आहे, असे म्हणे. शिकलेले मात्र सांगे. पहिल्या दिवशी तिला एकच काम होते, रुग्ण बोलत असताना मध्ये न बोलता बसायचे. मग तिने नोंद घ्यायला सुरुवात केली. झोप, भूक, कामातले लक्ष, रोजचे व्यवहार. रुग्ण एक सांगतो आणि घरचे दुसरे; दोघांचेही ऐकायचे. प्रत्येक गोष्ट मनावर ढकलायची नाही, हेही ती शिकली. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी झाले, तरी माणूस उदास होऊ शकतो. म्हातारे माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागले तर ते वेड नसते. आत संसर्ग असेल, रक्तातले सोडियम उतरले असेल, म्हणून तातडीने दवाखान्यात न्यायचे. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येतो का, असे प्रेमाने विचारल्याने तो विचार नव्याने पेरला जात नाही. उलट माणसाचे ओझे हलके होते आणि त्याला वाचवता येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणूनही, त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

काही गोष्टी तर थेट आपल्या घरांशी संबंधित निघाल्या. एखादा माणूस वुजू पुन्हा पुन्हा करतो, पाणी वाहतच असते, नमाजची वेळ टळून जाते, तरी त्याचे समाधान होत नाही. आपण याला वसवसा म्हणतो आणि तो फार परहेजगार आहे असे समजतो. यातल्या काहींना ओसीडी नावाचा आजार असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. दुसरी गोष्ट रमजानची. काही रुग्णांना लिथियम नावाचे औषध चालू असते. रोज्यात दिवसभर पाणी नसल्याने रक्तातले त्याचे प्रमाण धोक्याइतके वाढू शकते. अशा रुग्णाने रमजानच्या आधीच डॉक्टरांना भेटावे. काही औषधांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, काहींच्या येत नाहीत. आणि आजारी माणसाला दीनने सवलत दिलेलीच आहे. हे समजून सांगणारा डॉक्टर तालुक्याच्या गावी असेल, तर किती घरे वाचतील!

आपल्याकडे असा रुग्ण आधी दर्ग्यावर नेतात. दुआला आमचा विरोध नाही, आम्हीही मागतो. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतील एरवाडी येथे काय झाले, ते विसरता येत नाही. दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. दुसरे उदाहरण गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्याचे. तिथे दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची सोय झाली आणि मुजावरच रुग्णांना डॉक्टरांकडे पाठवू लागले. दवा आणि दुआ दोन्ही मिळू लागल्या.

हे काही बाहेरून आलेले शहाणपण नाही. प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे आणि तिच्यात मनाचे आजार वगळलेले नाहीत. बल्ख शहरचे विद्वान अबू जैद अल-बल्खी इसवी सन ९३४ मध्ये वारले. शरीराचे आणि मनाचे आरोग्य एकत्र मांडणारा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि त्यात दुःख, भीती, राग आणि वसवसा यांचा वेगवेगळा विचार केला. सुलतान कलावून यांनी १२८४ मध्ये कैरोत उभारलेल्या शिफाखान्यात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे १४८८ मध्ये बांधलेल्या शिफाखान्यात मनोरुग्णांना संगीत आणि वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवत. हे लेकीने दादींना सांगितले, तेव्हा दादींनी विचारले, “हे तुमच्या पुस्तकात आहे का?” ती म्हणाली, “नाही, पण असायला हवं.”

आता थोडे व्यवहाराचे. लेकीसाठी एक रिश्ता आला आहे. घर चांगले, मुलगा शिकलेला. त्यांच्याकडून निरोप आला, की मुलगी पुढे ‘त्यातच’ जाणार आहे का? आम्ही दोघांनी कळवले, की तिने अजून ठरवलेले नाही. पण ठरवले तर आम्ही तिच्या पाठीशी उभे राहू, आणि हे आत्ताच कळलेले तुम्हालाही बरे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. लेकीला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “ठीक आहे, अम्मी.” ती आता अंतिम वर्षाच्या अभ्यासाला लागली आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आज आपल्या समाजातील अनेक मुले-मुली डॉक्टर होत आहेत, अल्हम्दुलिल्लाह. आपल्या घरात कुणी एमबीबीएस करत असेल, तर त्याला विचारा, इलेक्टिव्हची यादी कधी येणार आहे? त्यात मानसोपचार असेल, तर ते पंधरा दिवस वाया जाणार नाहीत, असे त्याला सांगा. पुढे तो हाडांचा डॉक्टर होवो की डोळ्यांचा, हे शिक्षण त्याला उपयोगी पडेल. आणि आपल्या घरात कुणाची झोप उडाली असेल, कुणी गप्प गप्प राहत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक लिहून ठेवा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. दुआ चालू ठेवा, सोबत डॉक्टरांकडेही जा.

अल्लाह आपल्या मुलांच्या हाताला शिफा देवो. आमीन.