मोठ्याचे

मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीत मांसाचे दोनच प्रकार असत, बारक्याचे आणि मोठ्याचे. बारक्याचे म्हणजे शेळीचे वा बोकडाचे, आणि ते सणावारी. ‘मोठ्याचे’ या शब्दापुढे मात्र कोणी जनावराचे नाव उच्चारीत नसे.

आजीला ते करण्याच्या दोन रीती ठाऊक होत्या. एक, चुलीवर तासन्‌तास रटरटत ठेवणे. दुसरी, लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवणे. या चान्या पावसाळ्यात उपयोगी पडत. दोन्ही रीतींमागे चवीचा विचार नव्हता. जनावर म्हातारे असे आणि वाटा एकदम येई, एवढेच. १९२७ साली महाडला मृत जनावराचे मांस सोडण्याची जी हाक बाबासाहेबांनी दिली, ती आमच्या वस्तीने कालांतराने ऐकली. ओढून नेलेल्या ढोराचे मांस बंद झाले, विकत घेतलेले राहिले. या दोहोंमधले अंतर गावाला कधी दिसले नाही. आजीला मात्र ते लख्ख दिसे.

येलहंक्याच्या घरात मी करतो तो प्रकार निराळा आहे. वाडग्यात भात, त्यावर कडक आचेवर भरभर परतलेल्या मांसाच्या पातळ फिती. कढईचे तंत्र चिनी, वाडग्याची रीत जपानी. त्या जपानात सम्राट तेन्मू याने ६७५ साली वर्षातले काही महिने गोमांसाला बंदी घातली होती. पुढे बाराएक शतके ते निषिद्धवतच राहिले आणि १८७२ मध्ये सम्राट मेइजी याने ते खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे ते प्रतिष्ठित झाले. एका राजाच्या घासाने शिवाशिव सरते, याचा मला थोडा हेवा वाटतो.

कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने गाय, बैल, वासरू यांची कत्तल बंद झाली. तेरा वर्षांवरील म्हशी-रेड्यांना तेवढी मुभा उरली. म्हणजे कायद्याने माझ्या कढईत आजीचेच म्हातारे जनावर आणून ठेवले! उपाय तेवढा बदलला आहे. मांस अर्धवट गोठवले की सुरी सफाईने चालते. धाग्यांना आडवे कापले की चिवटपणा निम्मा सरतो. चिमूटभर खाण्याचा सोडा, सोया सॉस आणि थोडे कॉर्नफ्लोअर चोळून अर्धा तास ठेवायचे. मग तेल धुरावले की थोडे थोडेच टाकायचे. सगळे एकदम लोटले तर पाणी सुटते, आणि परतण्याऐवजी ते शिजू लागते. शेवटी आले, लसूण, कांद्याची पात. भाताला मात्र घाई चालत नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर पाणी सत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते.

येलहंक्याला आणखी एक बंदी येते. वायुदलाच्या तळावर विमानांचे प्रदर्शन भरते, तेव्हा आसपासची मांसविक्री थांबवतात. २०२५ साली २३ जानेवारी ते १७ फेब्रुवारी, तेरा किलोमीटरांच्या परिघात ती थांबली होती. टाकलेल्या तुकड्यांवर घारी जमतात आणि विमानांवर आदळतात, हे कारण. धर्माचे नाव न घेता घातलेली ही बंदी मला, खरे सांगायचे तर, मुळीच जाचली नाही. कोंबडी आणि मोठ्याचे तिथे एकाच पंगतीला बसले होते.

लसूण-सोयाचा वास गॅलरीतून शेजारी जातो. “चायनीज का?” शेजारच्या काकू विचारतात. मी “हो” म्हणतो. ते खोटेही नसते.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. तिचे दात गेले आहेत; चान्या सुटल्याला वर्षे लोटली. पातळ फिती तिने सावकाश, वाडगा रिकामा होईतो खाल्ल्या. “मऊ आहे,” ती म्हणाली, “पण आपलं वाटत नाही.” दुसऱ्या खेपेस मी सोया सॉस बाजूला ठेवला आणि तिने गावाहून आणलेला येसूर कढईत घातला. खिडक्या लावू का, म्हणून मी विचारले. उकडतंय, उघड्याच असू दे, असे तिने सांगितले.

त्या दिवशी शेजारून काही विचारणा झाली नाही.