पंचम काळा का असावा?

देवगिरीच्या यादवांच्या पदरी हिशेब सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सातही स्वरांना त्याने रंग वाटून दिले आहेत. षड्ज कमळाच्या रंगाचा, रिषभ पिंगट, गंधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा शुभ्र, पंचम काळा, धैवत पिवळा आणि निषाद कबरा. बाकीचं एक वेळ ऐकून घेता येईल, पण पंचम काळा? तानपुऱ्याची पहिली तार छेडली की खोलीत उजेड पडल्यासारखं वाटतं, तो हा पंचम! ग्रंथ थोर आहे, यात वाद नाही. पण इथे मला त्यातला हिशेबनीस दिसतो. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही.

न्यूटनलाही हा मोह आवरला नाही. लोलकातून पडलेल्या पट्ट्यात त्याने आधी पाचच रंग मोजले होते. सप्तकाशी मेळ बसावा म्हणून पुढे आणखी दोन आले. आपण शाळेत घोकलेल्या ‘तानापिहिनिपाजा’तले ‘ना’ आणि ‘पा’ त्या हट्टापायी आलेले आहेत.

रागमाला म्हणजे रागांची चित्रमालिका. तिचे चितारी मात्र या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी स्वर रंगवले नाहीत, प्रहर रंगवले. ललत घ्या. पहाट झालेली, ती पलंगावर झोपलेली आणि तो हातात हार घेऊन निघालेला, मान मात्र मागे वळलेली. ललतात दोन्ही मध्यम एकाला एक लागून येतात आणि पंचम नसतोच. त्या वळलेल्या मानेत तीच घालमेल दिसते, निदान मला. विभासाच्या काही चित्रांत तर नायक फुलांच्या धनुष्याने आरवणाऱ्या कोंबड्यावरच नेम धरतो. उजाडूच नये म्हणून! रागाला वेळेचं बंधन का, असं विचारणाऱ्याला मी आधी हा कोंबडा दाखवीन.

तोडीची गंमत आणखी वेगळी. रानात वीणा घेऊन उभी असलेली एकटी स्त्री आणि तिच्याभोवती जमलेली हरणं. वर्षानुवर्षं, दख्खनपासून पहाडी मुलखापर्यंत, हेच चित्र. पण जुन्या ग्रंथांतल्या तोडीचे स्वर आजच्या भैरवीच्या जवळचे होते. तीव्र मध्यमाची आपली तोडी नंतरची. म्हणजे स्वर बदलले, हरणं जागची हलली नाहीत. चित्र स्वरांचं असतं तर ते तेव्हाच खोटं पडलं असतं. ते एकटेपणाचं होतं, म्हणून आजच्या तोडीतल्या उतरत्या गंधारालाही ते शोभतं.

पुढे मुंबईच्या पंडित भातखंड्यांनी राग, त्यांच्या रागिणी आणि पुत्र हा रागमालेतला सगळा संसार मोडीत काढून दहा थाटांची मांडणी केली. ते वकील होते. पुराव्यावाचून कुणाचं नातं मानणार? गाणाऱ्या-शिकणाऱ्यांचं त्यात भलं झालं. नुकसान झालं असेल तर आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचं. तोडी म्हणताच हरणं दिसावीत ही सवय गेली.

चित्रांत सूर शोधायचाच असेल, तर मी माळव्याच्या रागमालेकडे वळेन. तिथे नायिकेच्या पाठीमागे बऱ्याचदा एकच सपाट रंग असतो. गडद लाल, नाहीतर काळा. छटा नाही, छाया नाही. आकृत्या हलतात, बोलतात, रुसतात; तो लाल मात्र कडेपासून कडेपर्यंत अखंड लागलेला असतो. षड्ज कमळाच्या रंगाचा, हे शार्ङ्गदेवाचं म्हणणं या एका ठिकाणी मी वाद न घालता मान्य करतो. पंचमाबद्दल अजून नाही.