कोरड्या हाताचा रोध

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. विज्ञानाशी माझा संबंध फक्त रजेवरच्या शिक्षकांच्या तासाला वर्गावर जाण्यापुरता. तरीही त्या पुस्तकातले शब्द मला आवडायचे. विद्युतधारा, विभवांतर, रोध. धारा वाहते, रोध तिला अडवतो आणि विभवांतर म्हणजे दोन ठिकाणच्या पातळीतला फरक. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितकी नळाची धार जोरात. नळी अरुंद असली की धार बारीक. विजेचंही बरंचसं असंच.

हा हिशेब जॉर्ज सायमन ओहम यांनी 1827 साली पुस्तकात मांडला. त्यामागचे प्रयोग त्यांनी जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता केले. म्हणजे आमच्याच जातकुळीतले! विभवांतराला रोधाने भागलं की धारा मिळते, एवढाच तो नियम.

2006 साली, भारनियमनाच्या दिवसांत, आमच्याकडे पंपाला वीज रात्रीची यायची. आमच्या शाळेतून दहावी होऊन शेती बघणारा एक मुलगा मोटर सुरू करायला विहिरीवर गेला. पायाखाली चिखल, हात ओले. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत करंट उतरला होता. तो घरी परतला नाही. विज्ञानात हुशार होता, नियम तोंडपाठ असणार. पण नियमातल्या रोधाच्या जागी तारेऐवजी आपलं शरीर ठेवायचं, असं गणित मी तरी कुठल्या प्रश्नपत्रिकेत पाहिलं नाही.

आपण ठेवून बघू. वीज 230 व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. म्हणजे धारा सव्वादोन मिलिअँपिअरच्या आसपास. झिणझिण्या येतील, माणूस हात झटकेल. हात ओले झाले की रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. आता धारा 230 मिलिअँपिअर! दहा-वीस मिलिअँपिअरलाच स्नायू आखडून मूठ सुटेनाशी होते. शंभराच्या आसपास हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. वीज तीच, माणूस तोच, बदल फक्त पाण्याचा. आणि घामानेही रोध उतरतो, म्हणून कोरड्या हाताचाही भरवसा धरू नये.

तारेवरच्या चिमणीला काही होत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्यांच्यात विभवांतर जवळजवळ नसतंच. आपला हात पेटीवर आणि पाय जमिनीवर असतो. अर्थिंगची तार म्हणजे पेटीत उतरलेल्या विजेला जमिनीत जायला दिलेली कमी रोधाची वाट. जोडीला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, तर तेवढी धारा भलत्या वाटेला लागताच ती क्षणात पुरवठा तोडते.

पुस्तकात रोध म्हणजे अडथळा. माणसाच्या बाबतीत मात्र तो राखणदार, आणि तोही पाणी लागताच जागा सोडणारा. असो. पावसाळ्याआधी मोटरचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. एवढंच सांगायचं होतं.