आठ वर्षांचा गॅप

जून 2022. प्राचार्यांनी मला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाचा समन्वयक केलं. असं कार्यालय प्रत्येक संस्थेत असावं, असं यूजीसीनं 2021 मध्ये सुचवलं होतं आणि आमच्याकडे नॅकची समिती यायची होती. ‘‘तुम्ही भूगोलाचे, म्हणजे जग तुमचंच!’’ असं ते म्हणाले. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही, हे मी सांगितलं नाही.

2021-22 मध्ये देशातल्या 4 कोटी 33 लाख विद्यार्थ्यांत परदेशी होते 46,878. म्हणजे हजारी एक. आमच्या वाट्यालाही एकच आला, ऑगस्टमध्ये, इथिओपियाहून, एमएस्सीला. फॉर्मचा पहिलाच रकाना आडनावाचा. त्यांच्यात आडनावच नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं. मी आजोबांना आडनाव करून टाकलं. पुढे हजेरीत आजोबांचा पुकारा व्हायचा आणि नातू गप्प बसायचा.

मग कळलं, आल्यापासून 14 दिवसांत त्याची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी हवी. मी त्याला घेऊन गावातल्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ‘‘कोण हरवलंय?’’ नोंदणी ऑनलाइन करायची आणि ती एसपी ऑफिसकडे जाते, हे त्याच पोरानं मला मोबाइलवर दाखवलं.

गणपतीत विद्यापीठाकडे पात्रतेची कागदपत्रं पाठवायची होती. त्याच्या पदवीचा समकक्षता दाखला होता. म्हणजे ती पदवी आपल्या पदवीच्या तोलाची आहे, असं प्रमाणपत्र. पण त्याच्या तिकडच्या कॉलेजच्या मूळ दाखल्यावर साल होतं 2014. मी चष्मा वर सरकवला. ‘‘आठ वर्षं काय करत होतास? शंभराच्या स्टॅम्पपेपरवर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल.’’

तो गोंधळला. ‘‘सर, आमच्याकडे अजून 2014च चालू आहे. नवीन वर्ष रविवारी.’’ मोबाइलवर त्यानं तारीख दाखवली : तेरावा महिना, दिवस दुसरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा. आपला धोंड्याचा महिना साधारण तीन वर्षांनी येतो, त्यांचा दरवर्षी. इतकी वर्षं भूगोल शिकवून हे मला माहीत नव्हतं.

सावरण्यासाठी मी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. ‘‘आमचंही वेगळं साल आहे. शके 1944.’’

त्यानं मनात वजाबाकी केली. ‘‘मग सर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गॅपला स्टॅम्पपेपर केवढ्याचा लागतो?’’