बाळंतिणीचे केस आणि माझी घाई

गतवर्षी श्रावणात नातू चार महिन्यांचा झाला आणि सूनबाईच्या फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून ती ते कागदात गुंडाळून टाकीत असे. ‘‘अंगावरचे दूध तोड, त्यानेच केस जात आहेत,’’ असे मी बोलून गेले. एवढेच नव्हे, तर कोणालाही न विचारता औषधाच्या दुकानातून मिनॉक्सिडिलची बाटलीही आणली.

त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी ती बाटली बाजूला ठेवली. गर्भारपणात इस्ट्रोजेन वाढल्यामुळे गळायचे केसही टिकून राहतात. प्रसूतीनंतर ते उतरले की दोन ते चार महिन्यांनी ते केस एकदम गळतात. थकलेल्या हप्त्यांची एकाच वेळी वसुली व्हावी, तसेच हे! यात स्तनपानाचा दोष नाही. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. मिनॉक्सिडिलचा अंश दुधात उतरू शकतो, म्हणून या काळात ते सहसा टाळतात. फिनास्टेराइड तर घ्यायचेच नाही.

मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ व थायरॉइड तपासण्यास त्यांनी सांगितले. मोठ्या मात्रेतील बायोटिनने थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, हेही तेव्हाच कळले. सूनबाईचे फेरिटिन कमी निघाले. लोहाच्या गोळ्या स्तनदा मातेस चालतात. शासकीय कार्यक्रमात तर प्रसूतीनंतर १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी देतात. चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी वर्ज्य. म्हणून मूग, मटकी, तीळ, हळिवाचे लाडू व जेवणात लिंबू असा आहार ठरला. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवला. केस घट्ट बांधणेही सोडले.

पर्युषणात अठ्ठाई करण्याचा तिचा मानस होता. अंगावर बाळ आणि शरीरात लोह कमी, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटले. मन खट्टू झाले, पण तिने सामायिक आणि स्वाध्याय वाढवला.

संवत्सरीला मी तिला सर्वांसमोर ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले, ते केवळ रीत म्हणून नव्हे. माझ्या एका वाक्याने नातवाचे दूध तुटले असते.

या चैत्रात नातवाचा वाढदिवस झाला. सूनबाईच्या कपाळावर नव्या केसांची कोवळी लव उभी आहे. भगिनींनो, केस वर्षानंतरही गळत राहिले वा जागोजागी चकत्या पडल्या, तर अवश्य डॉक्टरांकडे जावे. पण बाळाचे दूध तोडण्याचा सल्ला कोणी देऊ नये.